शके १५४९ की १५५१?

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, संदर्भसूचीत दहा नावं असली की मजकूर पक्का, असं आपण धरून चालतो. पण ते दहाही जण एकाच ठिकाणाहून उतरवून घेत असतील, तर साक्षीदार दहा नव्हेत, एकच.

शिवाजी महाराजांच्या जन्मसालाचंच बघा. विसाव्या शतकाच्या आरंभी १६२७ हे साल रूढ होतं. ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या मराठ्यांच्या १८२६ च्या इतिहासात तेच, चिटणीस बखरीतही शके १५४९ चा वैशाख, म्हणजे १६२७ च. आता विचारायचं ते हे, की मल्हार रामराव चिटणीसांनी बखर लिहिली कधी? महाराज जाऊन सव्वाशेहून अधिक वर्षं झाल्यावर. एवढ्या उशिरा लिहिणाऱ्याला तिथी कुठून मिळाली, हे ठाऊक नसेल तर त्यावर भिस्त कशी ठेवायची?

मग १९१६ साली लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली. भोरजवळच्या कारी गावच्या देशमुख जेधे घराण्यातली ही टिपणं. कोरडी, तिथीवार, वर्णनाचा फुलोरा नाही. तिथे जन्म दिला आहे शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. तरीही एका कागदावर निकाल लागत नसतो, आणि वाद पेटलाच. पुढे १९२७ मध्ये स. म. दिवेकरांनी परमानंदाचं 'शिवभारत' छापलं. कवी महाराजांच्या काळातला, ग्रंथ संस्कृत, पोथी तंजावरची. तिच्यातही १५५१ चीच फाल्गुन वद्य तृतीया! राजस्थानात मिळालेली जन्मकुंडलीही त्याच बाजूची. कारी, तंजावर, राजस्थान. एकाने दुसऱ्याचं पाहून लिहिल्याचं दिसत नाही. माझ्या मते खरं वजन या वेगळेपणाला आहे.

म्हणून शकावलीतलं सगळंच डोळे मिटून घ्यायचं का? नाही. जेध्यांच्या घरचा कागद जेध्यांच्या पराक्रमाबद्दल बोलू लागला की दुसरा पुरावा मागायचा. सभासद बखरीचा लेखक कृष्णाजी अनंत सभासद, त्याचंही तसंच. माणूस महाराजांच्या दरबारातला, राजाराम महाराजांसाठी त्याने बखर लिहिली, पण घटनाक्रमात तो मागेपुढे होतो. राज्यव्यवस्थेसाठी त्याला जरूर वाचा, तारखांसाठी त्याच्यावर विसंबू नका. एखादं साधन विश्वासार्ह आहे का, हा प्रश्नच अपुरा आहे. कशासाठी विश्वासार्ह, असं विचारा. इंटरनेटवरच्या लेखालाही हेच विचारायचं.

एक सांगायचं राहिलं. काही ठिकाणी तुम्हाला १ मार्च १६३० ही तारीख दिसेल. तो तिसरा दावा नाही. १९ फेब्रुवारी ही ज्युलियन, म्हणजे युरोपातल्या जुन्या दिनदर्शिकेची तारीख. तोच दिवस ग्रेगोरियन, म्हणजे आज आपण वापरतो त्या पद्धतीने १ मार्चला येतो. तेव्हा मतभेद म्हणून नोंदवण्याआधी दोन्ही लेखक एकच दिनदर्शिका वापरतात का, तेवढं तपासून घ्या.