4 बाय 6 चं बाथरूम आणि ते खाऊन टाकणारे 3 इंच

नमस्कार मंडळी! छोट्या बाथरूमवर व्हिडिओ करा, करा, म्हणून तुम्ही माझा जीव घेतलाय. किचन ट्रॉलीच्या व्हिडिओखालीसुद्धा हाच प्रश्न. तर आज तोच विषय. आणि छोटं म्हणजे आपलं मुंबईतलं छोटं हं, 4 बाय 6. म्हाडाच्या जुन्या 180-225 चौरस फुटांच्या घरात तर त्याहून लहान.

सोप्या गोष्टी पटापट उरकते. लादी फिकट रंगाची, खालची खरखरीत. दार आत उघडत असेल तर बाहेर उघडणारं करा, पॅसेज अरुंद असेल तर सरकतं. आरसा घ्यायचाच तर कपाटवाला घ्या. बेसिन कोपऱ्यातलं. गीझर दाराच्या वर, पण आडवा बसवायचा तर मुळात आडवाच विकत घ्या, उभा आणून आडवा टांगायचा नाही. एक्झॉस्ट फॅन हवाच. झालं.

आता मुद्द्याचं. माप टाइल लागल्यानंतरचं धरा. विटेपासूनचं नाही!

तोडफोड झाली की मिस्त्री टेप लावतो आणि सांगतो, "मॅडम, पूर्ण 4 फूट आहे." अरे, आहे ना, विटेपासून विटेपर्यंत. त्यावर प्लास्टर येणार, मग टाइल चिकटवायला सिमेंटचा माल किंवा अॅडेसिव्ह, मग टाइल. एका भिंतीला सव्वा-दीड इंच सहज जातो, दोन्हीकडून मिळून 3 इंच. त्यात जुन्या बिल्डिंगमध्ये भिंत ओळंब्यात नसते म्हणजे सरळ उभी नसते, कोपरा गुण्यात म्हणजे काटकोनात नसतो. मग एका टोकाला प्लास्टर जाड चढतं आणि आणखी अर्धा इंच गेला. म्हणून खाली, मध्ये, वर, तिन्ही ठिकाणी मोजा आणि सगळ्यात कमी येईल तेच खरं माना.

हे सगळ्यात जास्त नडतं कमोडला. जमिनीत आउटलेट असलेला कमोड घेताना 9 इंच, 12 इंच असं विचारतात ना, ते टाइल लागलेल्या भिंतीपासून पाइपाच्या मध्यापर्यंतचं अंतर. प्लंबरने विटेपासून 9 मोजून पाइप टाकला, तर टाइल लागल्यावर उरतात साडेसात, आणि कमोड बसतच नाही. काही जण घाबरून पाइप जास्तच पुढे घेतात. मग कमोडच्या मागे चार बोटांची फट राहते. तिथे ना झाडू जात, ना हात, आणि पुढे गुडघे दाराला लागतात. विक्रोळीच्या कन्नमवार नगरातल्या एका काकूंकडे हेच झालं होतं. दार लावायला त्या कमोडवर आधी बसायच्या, मग दार ओढायच्या. कमोड आधी पसंत करा, त्याचा कागद प्लंबरच्या हातात द्या, मगच पाइप टाकायला सांगा.

भिंतीतल्या कोनाड्याचंही तेच. वीटकाम 12 इंच उंच सोडलं, आतून टाइल लागली, उरले 10. आता लिटरची शॅम्पूची बाटली आडवी झोपते आणि गळते. हवा तेवढा कोनाडा सांगू नका, टाइल धरून मोठा सांगा. आणि नव्या टॉवरमध्ये मायवनच्या म्हणजे सगळ्या आरसीसी, काँक्रीट ओतून केलेल्या भिंती असतील, तर कोनाडा कोरायचा विचारच सोडा. भिंतीवर बाहेरून बसवायची शेल्फ लावा.

तिसरं, वॉल-हंग म्हणजे भिंतीला टांगलेला कमोड. "ताई, भिंतीतला टँक घेतला तर जागा वाचेल ना?" टँक जर जाड भिंतीत किंवा डक्टच्या, म्हणजे पाइप जातात त्या पोकळीच्या, बाजूला गाडता येत असेल, तर वाचेल. नाहीतर त्याच्यासाठी पुढे पाच-सहा इंचांची खोटी भिंत बांधावी लागते, वर टाइल. वाचलेली जागा तिथेच गेली आणि पैसे दुप्पट. खाली पोछा मारायला सोपं जातं, त्यासाठी घ्या. जागेसाठी घेऊ नका.

आता, आंघोळीच्या जागेला काचेचं पार्टिशन लावू का, असं विचारणाऱ्यांना उत्तर. रील बघून चार फुटांत काच लावायची हौस! आपल्याकडे सकाळी पाणी येतं तेव्हा पिंप भरायचं असतं, बादली ठेवायची असते, बसून कपडे घासायचे असतात. काचेला कोपर लागतं आणि पाण्याचे पांढरे डाग घासत बसायचं ते वेगळंच. नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी जायच्या जाळीकडे, चांगला ढाळ द्या, पाणी दाराकडे येत नाही, काच लागत नाही. फार तर पडदा.

एका दादांनी लिहिलंय, "जुन्या टाइलवरच टाइल लावतो, खर्च वाचतो." दादा, परत तेच! चारी बाजूंनी अर्धा-अर्धा इंच गेला, खालची लेव्हल चढली, दार घासायला लागलं, उंबरा बुडाला. आणि आतलं वॉटरप्रूफिंग जुनंच. खालच्या मजल्यावरच्यांच्या छताला ओल आली की सोसायटीची नोटीस तुम्हालाच येणार. फोडायचं तर नीट फोडा, सोसायटीची परवानगी घ्या, वॉटरप्रूफिंग झाल्यावर निदान 48 तास पाणी साठवून बघा आणि तेव्हा खालच्यांच्या घरी स्वतः जाऊन छत पाहून या. डबा घेऊन जा, बरं पडतं.

वॉशिंग मशीन आत बसेल का, असे बरेच प्रश्न आलेत. फोटो पाठवा, पण टेप लावून. हात पसरून "एवढी जागा आहे" असे फोटो नकोत. तुमचा हात केवढा, मला काय माहीत!