रिंगणीच्या बियांतली कीड

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'मुलांचे दात कसे जपावेत'. तिकडे येतेच. पण त्याआधी एका शब्दाशी माझं जुनं भांडण आहे, ते मांडू द्या. तो शब्द म्हणजे 'कीड'.

मी सात-आठ वर्षांची असेन. दाढ ठणकायला लागली. आजीनं लवंग दाबून पाहिली, रात्रभर माझं डोकं मांडीवर घेऊन बसली. सकाळी मला पलीकडच्या आळीतल्या एका मावशींकडे नेलं. त्या दातातली कीड काढायच्या. त्यांनी भुईरिंगणीच्या वाळल्या बिया निखाऱ्यावर टाकल्या, वर तेलाचा थेंब सोडला आणि नळीनं धूर माझ्या तोंडात घेतला. घसा जळला, डोळ्यांतून धारा. मग ताटलीतल्या पाण्यात थुंकायला लावलं. पाण्यावर खरोखरच पांढरं, बारीक, वळवळल्यासारखं काहीतरी तरंगत होतं. "बघ बाय, निघाली कीड!" आजीच्या चेहऱ्यावरची ती सुटका मला अजून दिसते. महिनाभरात गाल सुजला आणि दाढ काढावी लागली.

इथं किती जणांनी असा धूर घेतलाय? करा हात वर. बघा, मागच्या रांगेतल्या सगळ्या आज्या!

युरोपातही हेच चालायचं, तिथं खुरासानी ओव्याच्या बिया वापरत. बी तापून तडकली की आतला कोंब बाहेर पडतो आणि तो हुबेहूब अळीसारखा दिसतो. पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्यानं १७२८ सालीच आपल्या ग्रंथात ही अळी नाकारली. आपल्या बोलण्यातून मात्र ती गेली नाही. माझा राग मावशींवर नाही, आजीवर तर नाहीच. राग त्या शब्दावर आहे. 'कीड लागली' म्हटलं की वाटतं, बाहेरून काहीतरी शिरलं. शिरेल तेव्हा काढू. त्यात दुधाचे दात असले की 'पडणारच आहेत' म्हणून आपण मोकळे.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. मुद्द्याचं भराभर सांगते.

दातावर जिवाणूंचा बुळबुळीत थर असतो. आपण गोड किंवा मैद्याचं खाल्लं की ते त्यातून आम्ल बनवतात. पीएच म्हणजे आम्ल मोजायचं माप, तो जितका कमी तितकं आम्ल जास्त; तो साधारण ५.५ च्या खाली गेला की दातातून कॅल्शियम सुटायला लागतं. लाळ हे सावरते, पण तिला अर्धा-एक तास लागतो. म्हणून किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं ते मोजा. संक्रांतीला जेवणाबरोबर चार तिळगूळ चालतील. दर तासाला एक बिस्किट नको. आणि दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवणं तर अजिबात नको, झोपेत लाळ आटते.

दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात, खालून येणाऱ्या दातांची जागा राखतात. सहाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात मागे, एकही दात न पडता, नवी दाढ येते. आयांना वाटतं, दुधाचीच. ती कायमची असते!

फ्लोराइडची पेस्ट दोनदा; तिसऱ्या वर्षापर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी. रात्रीचं घासणं चुकवू नका, आणि सातव्या-आठव्या वर्षापर्यंत तुम्हीच घासून द्या. फेस थुंकायचा, खळखळून चूळ भरायची नाही. चंद्रपूर-यवतमाळकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिथल्यांनी आधी दंतवैद्याला विचारा.

आणि आज घरी गेल्यावर एवढं कराच. मुलाला दिव्याखाली मांडीवर आडवं घ्या, वरचा ओठ उचला, हिरडीलगत पाहा. खडूनं ओढल्यासारखी पांढरी रेघ दिसली तर उद्याच दंतवैद्याकडे न्या. तेव्हा अजून खड्डा पडलेला नसतो. तो दात सावरता येतो.