नोकरीत मुरलेल्यांसाठीच्या शिष्यवृत्त्या

मंडळी, आज समोर कॉलेजची मुलं थोडी आणि नोकरी करणारी माणसं जास्त दिसताहेत. जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठ्यातले इंजिनिअर आहेत, आरोग्य केंद्रातल्या सिस्टर आहेत, कृषी सहायक आहेत, पतसंस्थेतल्या ताई आहेत. मला याचं फार बरं वाटतं. कारण आज ज्या शिष्यवृत्त्यांबद्दल बोलायचंय, त्या मुळात तुमच्यासारख्यांसाठीच काढलेल्या आहेत. परदेशातलं शिक्षण म्हणजे नव्वद टक्केवाल्यांचं, पुण्या-मुंबईच्या मुलांचं, आणि आपलं तर आता वयही गेलं, असं आपल्या साताऱ्यात घराघरांत ठरून गेलंय. वय गेलेलं नाही. उलट दोन-तीन वर्षं काम केल्याशिवाय यातल्या बऱ्याच ठिकाणी अर्जच घेत नाहीत.

ब्रिटन सरकारची चेवनिंग शिष्यवृत्ती घ्या. तिला किमान २,८०० तास कामाचा अनुभव लागतो, म्हणजे साधारण दोन वर्षांची नोकरी. वयाची वरची मर्यादा नाही. जर्मनीची डीएएडी ही संस्था विकसनशील देशांतल्या नोकरदारांसाठी ठरावीक मास्टर्स अभ्यासक्रमांना पैसे देते. तिथेही दोन वर्षांचा अनुभव हवा, आणि शेवटची पदवी सहसा सहा वर्षांपेक्षा जुनी नको. तिचा अर्ज थेट त्या अभ्यासक्रमाकडे, विद्यापीठात करायचा असतो. जपान सरकारच्या पैशातून जागतिक बँक १९८७ पासून एक शिष्यवृत्ती चालवते. तिच्यासाठी तीन वर्षांचा अनुभव तर हवाच, शिवाय अर्ज करताना तुम्ही नोकरीत असायला हवं. अमेरिकेसाठी फुलब्राइट-नेहरू आहे, तिलाही तीन वर्षं. तिथे मात्र तीन वर्षांची बी.ए. किंवा बी.कॉम. नुसती पुरत नाही, त्यावर पदव्युत्तर शिक्षण पूर्ण झालेलं लागतं.

फी, विमानाचं तिकीट, दरमहाचा राहण्या-जेवणाचा भत्ता, हा मुख्य खर्च यांत निघतो. जमीन गहाण टाकून कर्ज काढायची वेळ येत नाही. आणि चेवनिंग काय, डीएएडी काय, या शिष्यवृत्त्यांच्या अर्जाला फी नसते. 'तुमची शिष्यवृत्ती करून देतो' म्हणून कुणी पैसे मागितले, तर सरळ उठून या.

निवड कशावर होते, हे जरा सविस्तर सांगतो. मी अर्जांचे मसुदे वाचतो. दहातले आठ 'मला लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे' इथूनच सुरू होतात. निवड करणाऱ्याला त्यातून तुमच्याबद्दल काहीच कळत नाही. समजा, तुम्ही माण तालुक्यात नळपाणी योजना सांभाळता. योजना कागदावर पूर्ण आहे, टाकी उभी आहे, पाइप घातलेत, आणि तरी मार्च-एप्रिलात टँकर येतो. का? विहीर आटली म्हणून, की वीजबिल थकलं आणि जोडणी तोडली म्हणून? पाणीपट्टी का वसूल होत नाही? लोकांकडे पैसे नाहीत, की आठवड्यातून एकदा येणाऱ्या पाण्याची पट्टी भरायची कशाला, असं त्यांना वाटतं? हे तुम्हाला ठाऊक आहे, कारण ग्रामसभेत शिव्या तुम्ही खाल्ल्यात. तेच लिहा. तुम्ही काय करून पाहिलं, त्यातलं काय चाललं, कुठे अडलात. आणि जिथे अडलात, तिथूनच अभ्यासक्रम निवडा. अडचण पाइपाची असेल तर जर्मनीतल्या स्टुटगार्ट विद्यापीठाचा जलसंपत्ती अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम बघा. अडचण पैशाच्या गणिताची आणि कारभाराची असेल, तर इंजिनिअर असूनही सार्वजनिक धोरण शिकायला जा. पाटण तालुक्यात जुलै २०२१ मध्ये आंबेघर, मिरगावला दरडी कोसळल्या. त्यानंतर तिथे ज्यांनी पंचनामे केले, पुनर्वसनाच्या याद्या केल्या, त्यांच्या हाताखालून गेलेलं काम कुठल्याही टक्केवारीपेक्षा वजनदार आहे. पण ते स्वतः लिहीत नाहीत. 'ते तर आमचं रोजचंच काम' म्हणतात. अहो, तेच तर विचारतायत ते लोक!

मग येते परत येण्याची अट. चेवनिंगवाल्यांना शिक्षण संपल्यावर दोन वर्षांसाठी मायदेशी परतावं लागतं. काहींना हा जाच वाटतो. मला ही अट मोलाची वाटते. याच साताऱ्यात, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचं नाव दाखल झालं. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी त्यांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं ते महिन्याला साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर, तीन वर्षांसाठी. आणि करार होता, परत येऊन बडोदा संस्थानाची दहा वर्षं नोकरी करायची. बडोद्यात त्यांना जी वागणूक मिळाली ती आपल्या समाजाची लाज आहे. ते तिथे टिकू शकले नाहीत. पण शिकून परत यायचं आणि इथल्या माणसांसाठी ते वापरायचं, हा शिष्यवृत्तीचा मूळ व्यवहार त्यांनी आयुष्यभर कसा निभावला, ते सगळ्या देशानं पाहिलंय. अर्जात 'परत येऊन काय करणार' असा प्रश्न असतो, तेव्हा दोन ओळींत उरकू नका. कुठल्या खात्यात, कुठल्या तालुक्यात, कुणाबरोबर, तेवढं लिहा.

आता कागदपत्रं. इंग्रजीची परीक्षा द्यावी लागेल. मराठी माध्यमवाल्यांनी घाबरू नये, पण तयारीला चार-सहा महिने द्यावेत. शिफारसपत्र मोठ्या पदावरच्या माणसाचं असण्यापेक्षा, ज्यांनी तुमचं काम डोळ्यांनी पाहिलंय त्या साहेबांचं घ्या. डीएएडीच्या अर्जात, शक्य असेल तर, परतल्यावर पुन्हा कामावर घेऊ असं नोकरी देणाऱ्याचं पत्रही जोडायचं असतं. सरकारी नोकरांसाठी महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्ये अध्ययन रजेची तरतूद आहे. त्यासाठी बंधपत्र द्यावं लागतं. आपल्या आस्थापना शाखेत आधीच जाऊन विचारा, कारण फाइल साताऱ्याहून वर जाऊन परत यायला वेळ लागतो आणि चेवनिंगचे अर्ज सहसा ऑगस्टमध्येच सुरू होतात.

मघाशी एक सिस्टर मला बाजूला घेऊन विचारत होत्या, की घरी लहान मूल आहे, एकटीच्या जिवावर सगळं आहे, मी हा विचार तरी करावा का? करावा. ब्रिटनची कॉमनवेल्थ शिष्यवृत्ती विधवा, घटस्फोटित किंवा एकट्या पालकाला सोबत नेलेल्या मुलासाठी वेगळा भत्ता देते. डीएएडीही काही परिस्थितीत कुटुंबभत्ता देते. फॉर्म भरायच्या आधी त्यांना ईमेल करून हे विचारून घ्या. आई आहे म्हणून अर्ज मागे पडत नाही.