मेणाचा पाय आणि तुटलेला स्तंभ

मंडळी, पडद्यावर हे चित्र आलं आणि मागच्या रांगेतून कुणीतरी ‘अरेरे’ म्हणालं. तो ‘अरेरे’ जरा धरून ठेवा, मला त्याच्याशीच भांडायचं आहे.

मेक्सिकोची चित्रकार फ्रिडा काहलो, तिचा ‘तुटलेला स्तंभ’, १९४४. पण तिच्याकडे जाण्याआधी मी तुम्हाला गोव्यातल्या म्हापशाला नेते, मिलाग्रीस सायबिणीच्या, म्हणजे मेरीमातेच्या, फेस्ताला. सायबीण ही शिरगावच्या लईराई देवीची बहीण, हे या सभागृहात कुणाला सांगायला नको. माझी आई गुडघ्यांनी बेजार झालेली. वर्षभर एका दवाखान्यात खेपा घातल्या. तिथे ‘आता वय झालं’ यापलीकडे कुणी बोललं नाही. तेव्हा आई म्हणाली, चल, सायबिणीकडे जाऊया. चर्चबाहेर नवसाला वाहायचे मेणाचे हात, पाय, डोळे मांडलेले. उन्हाने पायांची बोटं मऊ पडून एकमेकांना चिकटत होती. विकणाऱ्या बाईने विचारलं, ‘उजवो काय दावो?’ आई गप्पच झाली. दुखत होते दोन्ही, पदराच्या गाठीतून पैसे काढले होते एकाचे. बाईने दोन्ही पाय हातात ठेवले आणि एकाचेच पैसे घेतले. बसमध्ये आई मला म्हणाली, ‘कुठला पाय ते कुणीतरी विचारलं गं.’

हसा, हसा, तीही हसली होती. पण हे वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. मेक्सिकोतही असेच नवस फेडतात. तिथे पत्र्यावर लहान चित्र काढून घेतात: खाली अपघात किंवा आजार, वर ढगात तारणारा संत, तळाशी आभाराचे चार शब्द. फ्रिडा ही चित्रं जमवायची, शेकड्यांनी होती तिच्याकडे...

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, मुद्द्यावर येते.

फ्रिडाला सहाव्या वर्षी पोलिओ, उजवा पाय बारीक राहिला. १९२५ मध्ये, अठराव्या वर्षी, बसला ट्रामची धडक. लोखंडी दांडा कमरेतून आरपार, कणा मोडला. हे चित्र काढलं तेव्हा अंगात कणा सावरायला पोलादी पट्ट्यांचं कॉर्सेट होतं. चित्रातही तेच: कण्याच्या जागी ठिकठिकाणी तडकलेला दगडी खांब, आणि पट्ट्यांनी आवळून धरलेलं दुभंगलेलं अंग.

आता तिच्या अंगभर रुतलेले खिळे बघा. सगळे सारखे नाहीत. चेहऱ्यावर बारीक, हृदयापाशी सगळ्यात मोठा. कुठे किती दुखतं, ते तिने नेमकं मांडलंय. ‘उजवो काय दावो’ला दिलेलं उत्तर आहे हे. आणि वर बघा, आभाळात संत नाही. नवसाचं चित्र आहे, पण मागणं नाही, आभार नाहीत. मागे भेगाळलेली जमीन, बाकी कुणी नाही. जेमतेम चाळीस सेंटीमीटर उंच, आपल्या देवघरातल्या तसबिरीएवढं.

पुढे १९५३ मध्ये तो उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, त्यावर बोलायला आता वेळ नाही. दिवे लावण्याआधी एकच करा, तिचा चेहरा बघा. गालांवर अश्रू आहेत. पण ओठ मिटलेले आहेत, आणि नजर सरळ त्या मागच्या रांगेवर आहे.