नळावरचे पांढरे डाग, आणि सोडा-व्हिनेगरच्या फेसाचा भ्रम

नमस्कार मंडळी. नळावर, शॉवरच्या जाळीवर आणि बादलीच्या आतून बसलेला पांढरा थर कसा काढावा, हा प्रश्न तुम्ही इतक्या वेळा विचारला आहे की आता त्यावर स्वतंत्रपणे बोलणे भाग आहे. त्यातच सध्या एक कृती फार पसरली आहे. वाटीत खाण्याचा सोडा घ्यायचा, त्यावर व्हिनेगर ओतायचे, फसफसून वर आलेला फेस नळावर चोपडायचा आणि नळ नवा झाल्याचे दाखवायचे. त्या फेसाविषयी मला आज थोडे स्पष्ट बोलायचे आहे.

थर कशाचा असतो, हे बहुतेकांना ठाऊक आहे, त्यामुळे ते पटकन सांगते. बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्यात, ज्याला शाळेच्या पुस्तकात आपण दुष्फेन पाणी म्हणत होतो, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेले असते. पाणी वाळले किंवा तापले की ते मागे उरते, मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतले जाते. म्हणजे पाणी पिण्यायोग्य असूनही गिझर आणि नळ पांढरे होऊ शकतात. हा थर साबणाने निघत नाही, आम्लाने विरघळतो. व्हिनेगर, लिंबाचा रस किंवा किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व, यांपैकी काहीही चालते.

आता मूळ मुद्दा. व्हिनेगर आम्ल आहे आणि सोडा आम्लारी आहे. दोन्ही एकत्र केले की ते नळाशी भांडत नाहीत, एकमेकांशीच भांडून संपतात. मागे उरते ते पाणी आणि त्यात विरघळलेले सोडियम ॲसिटेट नावाचे मीठ, आणि जो फेस आपण कौतुकाने पाहतो तो केवळ बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड असतो. 100 मिलिलिटर व्हिनेगरमध्ये सुमारे 5 ग्रॅम ॲसेटिक आम्ल असते आणि ते पूर्ण निकामी करायला 7 ग्रॅम सोडा, म्हणजे साधारण दीड छोटा चमचा, पुरतो. त्या व्हिडिओंमध्ये सोडा चांगला दोन-तीन मोठे चमचे घातलेला असतो.

“पण ताई, आमचा नळ तर खरेच चमकला,” असे अनेकांनी लिहिले आहे. माझाही चमकला होता. याच वाहिनीवर सुरुवातीच्या काळात मीच ही कृती मोठ्या उत्साहाने दाखवली होती, तेव्हा माझ्यापासूनच सुरुवात करते. तो व्हिडिओ पुन्हा पाहिला तेव्हा लक्षात आले की फेस लावल्यानंतर मी पाच मिनिटे घासणीने नळ जोर लावून घासत होते. चमक आणली ती घासणीने आणि न विरघळलेल्या सोड्याच्या बारीक कणांनी, आणि शाबासकी घेतली फेसाने.

ज्यांना माझे म्हणणे अजून पटलेले नाही, त्यांनी किटलीच्या तळाचे किंवा गिझरच्या कॉइलवरचे सुटलेले दोन पापुद्रे घ्यावेत. एक पापुद्रा नुसत्या व्हिनेगरमध्ये टाकावा आणि दुसरा, सोडा घालून फेस पूर्ण बसलेल्या व्हिनेगरमध्ये. पहिल्या वाटीत पापुद्र्यालाच बारीक बुडबुडे धरतील आणि काही तासांत तो झिजलेला दिसेल. दुसऱ्या वाटीत तो पाहुण्यासारखा निवांत बसून राहील. बुडबुडे थरातून यायला हवेत, वाटीतून नव्हे. हे मिश्रण “नंतर वापरू” म्हणून बाटलीत भरून झाकण घट्ट लावणाऱ्यांना मात्र हात जोडून विनंती आहे: तसे करू नका, वायूच्या दाबाने बाटली फुटू शकते.

मग करायचे काय? आम्लाला एकटे सोडायचे आणि वेळ द्यायचा. जुने सुती फडके व्हिनेगरमध्ये, किंवा लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्त्व विरघळवून त्या पाण्यात भिजवावे, नळाभोवती घट्ट गुंडाळावे आणि अर्धा तास तसेच ठेवावे. मध्ये वाळू लागले तर पुन्हा ओले करावे, कारण वाळलेले फडके काहीच करत नाही. त्यानंतर जुन्या टूथब्रशने हलकेच घासून भरपूर पाण्याने धुवावे. शॉवरची जाळी काढून वाटीत बुडवून ठेवावी. किटलीत अर्धा लिटर पाणी आणि एक चमचा लिंबूसत्त्व घालून उकळावे, वीस मिनिटांनी ओतून द्यावे आणि नंतर एकदा साधे पाणी उकळून टाकावे. “आम्ही लावले आणि लगेच पुसले, काही फरक पडला नाही,” अशी तक्रार करणाऱ्यांना माझी आजी आठवावी लागेल. ती तांब्या-पितळेच्या भांड्यांना चिंचेचा कोळ लावून अंगणात ठेवायची, बाकीची कामे उरकायची आणि मग घासायला बसायची. कोळ लावताक्षणी घासायला घेतलेले तिला कधीच चालले नाही.

सोड्यावर माझा राग नाही. ओट्यामागच्या टाइल्सवरचा तेलकट चिकटपणा काढायला धुण्याचा सोडा गरम पाण्यात उत्तम काम करतो. फक्त त्याचे काम वेगळे आहे, आणि ही दोन कामे एका वाटीत होत नाहीत.

दोन इशारे घाईत सांगणार नाही. पहिला: व्हिनेगर असो, लिंबूसत्त्व असो वा संडास धुण्याचे ॲसिड, त्यात ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर कधीही मिसळू नये, त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि आपल्याकडची बंद, छोटी न्हाणीघरे त्यासाठी सर्वांत वाईट जागा आहेत. संडासचे ॲसिड तर नळाला लावूच नये, वरचा चकचकीत मुलामा त्याने खराब होतो.

दुसरा इशारा जास्त दुर्लक्षित आहे. शहाबादी फरशी, कडप्पा, कोटा आणि संगमरवर हे सगळे दगड कॅल्शियम कार्बोनेटचेच आहेत. म्हणजे जे आम्ल नळावरचा थर खाते, तेच तुमचा ओटाही खाते. “कडप्प्यावर लिंबू चोळले आणि पांढरा डाग पडला, आता तो डाग काढायला किती लिंबू लागेल?” असे एका प्रेक्षक भगिनीने विचारले होते. तो डाग वर चढलेला नाही, तिथली झिलई गेलेली आहे. आणखी लिंबू लावले तर डाग वाढेल. खोबरेल तेलाचे बोट फिरवले की काही दिवस तो काळा दिसतो, पण खरा उपाय पुन्हा पॉलिश करून घेणे हाच आहे. आईच्या ओट्यावर मी शाळेत असताना पिळलेल्या लिंबाची फोड रात्रभर उपडी ठेवली होती. त्या फोडीचा गोल डाग अजून तिथेच आहे, आणि आई त्यावर मिठाची बरणी ठेवते.