चार्ज होतो!

[पुणे, मंगळवार पेठ. रविवार, सकाळचे साडेदहा. जुना बाजार.]

मिक्सरची भांडी, दोन बंद ड्रिल, पितळी नळ, एका रिमोटचं नुसतं मागचं झाकण. आणि चादरीवर सगळ्यांत पुढे, मानाच्या जागी, हा. गॉगल म्हणावा तर फार जाड, हेल्मेट म्हणावं तर अर्धंच. व्हीआर हेडसेट, डोळ्यांवर चढवला की आभासी जग दाखवणारा. कंपनीचं नाव होतं तिथे कुणीतरी स्टिकर लावून तो पुन्हा ओरबाडलाय.

भिंगं वर. थेट उन्हाकडे.

मी आधी तो पालथा केला, मग भाव विचारला. विकणाऱ्या मामांना ते आवडलं नाही. "घ्यायचा असेल तर हात लावा." मग त्यांना सांगावं लागलं. लहानपणी भिंगाखाली कागद धरून जाळला असेल ना? इथे भिंगाखाली कागद नाही, पडदा आहे. थोडा वेळ ऊन आत गेलं तरी त्यावर कायमचा डाग पडतो.

"चालतो का, मामा?"

"चार्ज होतो."

विचारलं एक आणि उत्तर आलं दुसऱ्याच प्रश्नाचं, तिथे शहाण्यानं पुढे चालू लागावं. मी अठराशेचे अकराशे केले आणि घेऊन आलो.

[नारायण पेठ. घरातलं टेबल. पांढरी चार्जिंग केबल.]

मामा खोटं बोलले नव्हते. चार्ज होतो. दिवा लागतो, आत पांढरं चिन्ह उमटतं, मान वळवली की चिन्ह जागच्या जागी राहतं. म्हणजे सेन्सर ठीक. मग एक ओळ येते : फोनवरचं ॲप उघडा आणि हेडसेट जोडा. ॲप उघडलं. त्यातल्या यादीत हे मॉडेलच नाही. एके काळी होतं, नंतर काढलं. मागे जायला बटण नाही, "राहू दे, तसंच आत जातो" म्हणायची सोय नाही. दारात उभं राहून बेल वाजवायची, आणि घरमालक गाव सोडून गेलेला.

[तपकीर गल्ली. वायरींची भेंडोळी, डोक्यावर लटकणारे एलईडी.]

बुधवार पेठेतल्या या गल्लीत दुरुस्त न होणारी वस्तू सहसा सापडत नाही. सुटे भाग नसतील तर दुसऱ्याच कशाचे तरी बसवतात. इथल्या एका कारागिरांनी हेडसेट उघडला, मीटर लावला, बॅटरी दाबून पाहिली. फुगलेली नव्हती. मग स्क्रू परत बसवले. "बोर्ड चांगला, बॅटरी चांगली, डिस्प्ले चांगला. मी रिपेअर काय करू?" पैसेही घेतले नाहीत. तपकीर गल्लीतून मी फुकट परत आलो, हा माझ्या आयुष्यातला पहिलाच प्रसंग.

त्यांचा प्रश्न मात्र नेमका होता. बिघाड कुठे आहे?

[दिवाणखान्यातला मुलगा, डोळ्यांवर हेडसेट, हात हवेत.]

हेडसेटच्या आत साधा सपाट पडदा असतो. भिंगांमुळे चित्र कडेला वाकडं होतं, म्हणून सॉफ्टवेअर ते आधीच उलट्या बाजूनं वाकवून ठेवतं. कॅमेरे खोलीच्या भिंती, कपाटाचे कोपरे टिपतात आणि डोकं नेमकं कुठे आहे याचा हिशोब सतत चालू राहतो. सेकंदाला ९० चित्रं दाखवायची तर एका चित्राला मिळतात जेमतेम ११ मिलिसेकंद. उशीर झाला की मळमळ. हे सगळं सॉफ्टवेअर करतं. ते काढलं, तर उरतात दोन भिंगं आणि कपाळाला घट्ट बसणारा पट्टा.

७ मार्च २०१८ ला हे जगभर एकदम दिसलं. ऑक्युलस रिफ्ट, ज्याच्यासाठी २०१२ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या वेबसाइटवर लोकांनी सुमारे २४ लाख डॉलर दिले आणि २०१४ मध्ये फेसबुकनं सुमारे २०० कोटी डॉलर मोजून जी कंपनी घेतली, तिचे हेडसेट त्या दिवशी घरोघरी बंद पडले. काहीही तुटलं नव्हतं. सॉफ्टवेअरमधल्या एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली होती, आणि ते वेळेत बदलायचं राहून गेलं होतं. दुसऱ्या दिवसापर्यंत दुरुस्ती आली, दिलगिरी म्हणून स्टोअरमध्ये १५ डॉलर जमा झाले, प्रकरण मिटलं. मिटलं, कारण दुरुस्त करणारं कुणीतरी अजून पगारावर होतं.

[कोथरूडपलीकडची एक इंजिनिअरिंग लॅब. कॅमेरा हळूहळू एका कॉम्प्युटरवर.]

या कॉम्प्युटरवर लॅबचा व्हीआर हेडसेट चालतो, आणि त्याला सेलोटेपनं चिठ्ठी लावलीये : "अपडेट करू नये. नेट लावू नये." नेटची केबल खरंच काढून खिडकीच्या गजाला गुंडाळली आहे. लॅब असिस्टंट सांगतात, सुट्टीवरून आले की आधी चिठ्ठी जागेवर आहे का ते बघतात, मग पंखा लावतात.

चिठ्ठीमागचं कारण जगजाहीर आहे. मायक्रोसॉफ्टनं ऑक्टोबर २०१७ मध्ये विंडोज मिक्स्ड रिॲलिटी आणली, म्हणजे विंडोजवर असे हेडसेट चालवायची सोय. एसर, डेल, एचपी, लेनोवो, सॅमसंग, सगळ्यांनी तिच्यासाठी हेडसेट काढले. डिसेंबर २०२३ मध्ये ही सोय काढणार असं जाहीर झालं, आणि २०२४ च्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत ती नव्हतीच. अपडेट केलं की हेडसेट बंद. एचपीचा रिव्हर्ब जी२ बाजारात आला होता २०२० च्या अखेरीस. चार वर्षं. आमच्याकडे प्रेशर कुकरची शिट्टी यापेक्षा जास्त टिकते.

मेटाचा, म्हणजे नाव बदललेल्या फेसबुकचाच, पहिला क्वेस्ट हेडसेट मे २०१९ चा, ३९९ डॉलरचा. जानेवारी २०२३ मध्ये कळवलं की नवं काही मिळणार नाही, सुरक्षेचे अपडेट तेवढे २०२४ पर्यंत. त्याचे ओएलईडी पडदे काळा रंग असा काही दाखवतात की क्वेस्ट २ घेतल्यावरही काही जणांनी अंधारातले खेळ खेळायला जुनाच ठेवला.

कंपन्यांची बाजू नाहीच असं नाही. पहिल्या क्वेस्टमध्ये ४ जीबी मेमरी, दुसऱ्यात ६. एकच खेळ दोन्हींवर बसवायचा तर छोट्या मापानं शिवावा लागतो, आणि प्रत्येक अपडेट जुन्या चिपवर तपासायला माणसं लागतात. कायम सांभाळा, असं कुणी म्हणत नाही. पण खोली सोडताना किल्ली देऊन जायची असते, एवढं पेठेतल्या भाडेकरूलाही कळतं.

आणि ते जमतं. ऑक्युलस गो हा २०१८ चा, १९९ डॉलरचा स्वस्त हेडसेट. २०२० मध्ये त्याची विक्री थांबली. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याच कंपनीनं त्याची कुलूप काढलेली ऑपरेटिंग सिस्टीम देऊन टाकली : घ्या, काय करायचं ते करा. यामागे जॉन कारमॅक होते, तेव्हाचे कंपनीचे सल्लागार तंत्रप्रमुख. किती तरी दिवस आतून मागे लागले होते. त्यांचा मुद्दा असा, की वीस वर्षांनी कुणाला सीलबंद खोक्यातला गो सापडला, सर्व्हर केव्हाच बंद झालेले असले, तरी त्याला शेवटचं सॉफ्टवेअर घालता आलं पाहिजे. त्यांनी आमचा जुना बाजार पाहिला नसणार. पण बोलत होते त्या चादरीबद्दलच.

विंडोजवाल्या हेडसेटनाही २०२५ मध्ये एक किल्ली मिळाली, पण मागच्या दारानं. मायक्रोसॉफ्टमधल्याच एका इंजिनिअरनं स्वतःच्या वेळात, कंपनीचा प्रकल्प म्हणून नव्हे, ओॲसिस नावाचा ड्रायव्हर, म्हणजे हेडसेट आणि कॉम्प्युटर यांची गाठ घालणारं सॉफ्टवेअर, लिहून स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात फुकट ठेवला. एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड लागतं, पण बंद पडलेले हेडसेट त्यावर पुन्हा चालतात. लॅबमध्ये हे सांगितलं. असिस्टंट चिठ्ठीकडे बघत म्हणाले, "त्यासाठी नेट लावावं लागेल ना?"

आपल्याकडचे ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. वस्तू कचरा झाली की तिच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकावर. ती कचरा कधी झाली हे ठरवायचं कुणी? माझ्या टेबलावर आहे तो तर चार्ज होतो.

[जुना बाजार. बुधवार.]

बाजार बुधवारीही भरतो. केबल मागायच्या निमित्तानं गेलो. मामांनी ओळखलं. "चालला का?"

"चार्ज होतो," म्हटलं.

ते हसले. चादरीवर मिक्सरची भांडी तीच, रिमोटचं झाकण गेलेलं. आणि पुढे आणखी एक हेडसेट, पांढरा, एका बाजूचा पट्टा तुटलेला.

पालथा ठेवलेला. वरून ओला रुमाल.