शिबमेंट

सांगली, विश्रामबाग. संध्याकाळचे सात वाजलेत. खाली वडापावच्या गाड्याभोवती गर्दी, वर दुसऱ्या मजल्यावर स्पोकन इंग्लिशचा वर्ग.

मॅडमनी जुन्या कॅलेंडरची एक पट्टी फाडलीय. ती एका मुलाच्या ओठांसमोर धरून म्हणतात, "पेन म्हण." पट्टी जागची हलत नाही. "पुन्हा. श्वास सोडून." आता फडफडली. आपला 'प' कोरडा निघतो, आणि लंडनच्या कानाला तो 'ब' वाटू शकतो.

मग ऱ्हस्व-दीर्घ. शाळेत शुद्धलेखनाचे मार्क खाल्ले त्यानंच, आणि इथंही तेच आडवं. 'शिप' म्हणजे जहाज, 'शीप' म्हणजे मेंढी. हळदीच्या पेढीवर कामाला असलेला एक जण हसतो, "म्हणजे माझी पोती आजवर मेंढ्यांच्या पाठीवरनं गेली म्हणायची!"

'थिंक'मधल्या 'थ'वर मात्र मॅडम अडून बसत नाहीत. आपला दातामागचा 'थ' खपून जातो. जेनिफर जेन्किन्स या ब्रिटिश अभ्यासिकेनं २००० साली हेच मांडलं. बोलणारे दोघंही परभाषक असले, तर स्वरांच्या लांबीनं आणि 'प'च्या श्वासानं अर्थ बिघडतो, 'थ'नं सहसा नाही. आणि आज इंग्रजी बोलणाऱ्यांत घरी शिकलेल्यांपेक्षा मागाहून शिकलेलेच जास्त आहेत. तरी भिंतीभिंतीवर जाहिरात असते, '३० दिवसांत अमेरिकन उच्चार'. ते बोलायचे कुणाशी, हे कुठंच लिहिलेलं नसतं.

हेल राहू दे, असं मॅडमचं म्हणणं. 'काय करालायस' म्हटलं की पुण्यात लगेच विचारतात, सांगली का कोल्हापूर? पण विचारलेलं समजतं ना त्यांना!

वर्गाचा निम्मा वेळ जातो नुसता ऐकण्यात. फोनवर लावलेला आवाज कधी नायजेरियाचा, कधी सिंगापूरचा, कधी जपानचा. जपानी माणसाचा 'र' आणि 'ल' पहिल्यांदा कुणालाच वेगळा करता येत नाही. मंगळवारी अरबी आवाज होता. अरबीत 'प'च नाही, त्यामुळं 'पार्किंग'चं 'बार्किंग' झालं आणि वर्ग हसून लोळला.

वर्ग सुटतो. जिन्यातच पेढीवाल्याचा फोन वाजतो. दुबईचा अरब व्यापारी. पलीकडून 'शिबमेंट' ऐकू येतं. हा क्षणभर थांबतो, पण हसत नाही.

"यस सर, शिपमेंट. फोर्टी बॅग्ज."

मग जरा सावकाश, "फोर्टी. फोर, झिरो."